कोनाड्यातली बशी

वाटणीच्या दिवशी माणसे एकमेकांशी फार सौजन्याने वागतात, असा माझा अनुभव आहे. ज्याला जी वस्तू हवी असते ती तो स्वतः कधीच मागत नाही. 'आधी तुम्ही सांगा' असा आग्रह धरतो, आणि ती वस्तू दुसऱ्याच्या ढिगाकडे सरकू लागली म्हणजे त्याच्या आवाजातला गोडवा किंचित कमी होतो. पालीचा आमचा जुना वाडा उतरवायचे ठरले तेव्हा आम्हा चार भावंडांत हे सौजन्य दोन दिवस पुरले. घंगाळ, तपेली, पराती, समया, शिसवी पाट, आजीचा फिरकीचा तांब्या या सर्वांना यथायोग्य धनी मिळाले. तिसऱ्या दिवशी ओसरीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या कोनाड्यातून एक बशी निघाली. तिला मात्र कोणी मागेना. "ती चिनी बशी तुम्हीच घ्या भाऊजी, तुम्हाला जुन्या वस्तूंचा नाद आहे," असे म्हणून थोरल्या वहिनींनी ती माझ्या ढिगावर ठेवली. ठेवताना त्यांनी ती पदराच्या टोकाने धरली होती. बशीवर धूळ पुष्कळ होती, हे खरे.

पाली हे आमचे गाव बीडच्या दक्षिणेस, सोलापूरच्या रस्त्यावर आहे. जवळच बिंदुसरेचा तलाव असल्यामुळे बालाघाटच्या उघड्या टेकड्यांतून येणाऱ्या प्रवाशाला इथे थोडे पाणी दिसते आणि बरे वाटते. याहून अधिक सांगावे असे गावाच्या लौकिकात फारसे काही नाही. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हा कचेरीच्या कामानिमित्त आजोबांच्या हैदराबादला खेपा होत. अशाच एका खेपेत त्यांनी कपबश्यांचा एक संच आणला होता, असे घरात सांगत. त्यातले कप कधीच फुटून गेले, बश्याही गेल्या. उरली ती ही एक. पांढऱ्या अंगावर निळे चित्र: एक कमानदार पूल, पुलावरून चाललेली तीन माणसे, पाण्यावर झुकलेले एक झाड, वळलेल्या छपराचे घर आणि वर आकाशात समोरासमोर आलेली दोन पाखरे. काठावर निळी नक्षी होती आणि एका जागी ती नक्षी नीट जुळली नव्हती. लहानपणी त्या न जुळलेल्या जागेवरून बोट फिरवायला मला फार आवडे. पण ते सुख मला फार वेळा मिळाले नाही. कारण ती बशी आम्ही हाताळायची नव्हती.

ती बशी आबांची होती. आबा आमच्याकडे सालगडी होते. आज लिहिताना मी त्यांना अहो-जाहो करतो आहे. त्या काळी आम्ही सात-आठ वर्षांची पोरेसुद्धा त्यांना 'ए आबा' म्हणून हाक मारीत असू आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. त्यांचे घर गावकुसाबाहेर होते. सकाळी ते आले की कोनाड्यातला कप आणि बशी स्वतः काढीत, विसळीत आणि ओसरीच्या पायरीखाली धरून उभे राहत. आई वरून चहाची धार सोडी. चहा पिऊन झाला की ते दोन्ही पुन्हा विसळून कोनाड्यात उपडे घालून ठेवीत. कप वेगळ्याच संचातला होता, त्याला कान नव्हता. पन्नासएक घरांच्या गावात अशा कोनाड्यांची संख्या काही कमी नव्हती, आणि त्या बहुतेकांतून चिनी मातीचेच काही तरी ठेवलेले असे. कारण पितळेचे भांडे घासून, विस्तवावर धरून शुद्ध करता येते, चिनी भांड्याला ती सोय नाही, असे आजी सांगे. म्हणून ते स्वयंपाकघरात चालत नसे. आणि जे आत चालत नाही ते बाहेरच्यांना चालते, असा तो सरळ हिशेब होता.

एकदा पावसाळ्यात मी शाळेतून भिजून आलो. आबा ओसरीच्या कडेला चहा पीत बसले होते. मला हुडहुडी भरलेली पाहून त्यांनी जराही विचार न करता बशी पुढे केली, आणि मीही जराही विचार न करता तीतला चहा पिऊन टाकला. आजीने ते पाहिले. मला विहिरीवर नेऊन पुन्हा भिजवण्यात आले, त्याचे मला काही वाटले नाही. परंतु रागे भरणे झाले ते आबांवर. "तुला कळायला नको का? लेकरू ते," असे आजी म्हणाली. आबा खाली पाहून म्हणाले, "चुकलं, आई." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बशी खालच्या कोनाड्यातून काढून, माझा हात पोहोचणार नाही अशा वरच्या कोनाड्यात ठेवायला सुरुवात केली. चूक कोणाची होती हे मला चांगले ठाऊक होते. मी बोललो नाही. सात वर्षांचा मुलगा काय बोलणार, असे पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले. पण सतराव्या आणि सत्ताविसाव्या वर्षीही मी बोललो नव्हतो.

वाडा उतरवण्याचे गुत्ते आबांच्याच मुलाने घेतले होते. आबा जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा गुत्तेदारीत स्थिरावला आहे. माझ्या ढिगावर बशी पाहून तो थांबला. "ही आमच्या आबाची बशी हाय," तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. एखादे ओळखीचे माणूस बाजारात दिसावे तसा तो स्वर होता. "घेऊन जातोस का?" मी विचारले. "असू द्या दादा, तुमच्या वाड्यातली हाय," असे म्हणून तो पहाडीवर चढला. मी बशी कागदात गुंडाळून घेतली. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्या मनात आबांपेक्षा कुतूहल अधिक होते. चीन देशातली एवढी जुनी वस्तू आपल्या घरात निघावी, तिचे मोल किती असेल, ती कपाटाच्या काचेमागे कशी दिसेल, असेच विचार माझ्या डोक्यात चालले होते.

छत्रपती संभाजीनगरात माझे एक स्नेही जुनी भांडी जमवतात. त्यांनी बशी हाती घेऊन प्रथम उन्हासमोर धरली आणि मागे आपले बोट फिरवले. "बोटाची सावली दिसते का?" त्यांनी विचारले. दिसत नव्हती. अस्सल चिनी पोर्सेलीन पातळ असेल तर त्यातून उजेड झिरपतो. मग त्यांनी काठाचा टवका उडालेला भाग दाखवला. आतली माती पांढरीशुभ्र नसून मळकट आणि सच्छिद्र होती. शेवटी त्यांनी बशी उलटी केली. पाठीवर एक पुसट शिक्का होता: बसलेला स्फिंक्स, आणि त्याखाली 'मास्त्रिख्त' हे नाव. "तुमची चिनी बशी हॉलंडची आहे," ते हसून म्हणाले. मास्त्रिख्त हे नेदरलंड्सच्या दक्षिण टोकाचे शहर. तिथे पेट्रुस रेगाउट नावाच्या कारखानदाराने 1836 साली मातीची भांडी करायला सुरुवात केली. 1899 साली त्याच्या कारखान्याचे नावच 'स्फिंक्स' झाले. तिथली भांडी आशियातल्या बाजारांसाठी जहाजे भरभरून येत, आणि हिंदुस्थानातल्या जुन्या बाजारांतून ती अजूनही सापडतात.

तरी मी हट्ट सोडला नाही. "पण चित्र तर चिनी आहे?" मी म्हणालो. तेही नाही, असे निघाले. हा पूल, हे झाड, ही पाखरे इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी भांड्यांवरची चित्रे पाहून जुळवली. पुढे त्या पाखरांविषयी दोन प्रेमिकांची एक करुण 'चिनी' दंतकथाही तिकडच्याच लोकांनी रचली. हा नमुना इतका खपला की हॉलंडच्या कारखान्यांनीही तो उचलला. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात निळा रंग भरायचा, पातळ कागदावर छाप घ्यायचा, तो कच्च्या भाजणीच्या भांड्यावर दाबून बसवायचा आणि कागद पाण्याने सोडवून घ्यायचा, अशी ती रीत. काठाच्या नक्षीची पट्टी वेगळी चिकटवीत, आणि तिची दोन टोके नेमकी जुळतीलच असा नेम नसे. माझ्या बालपणीच्या त्या आवडत्या जागेचे रहस्य हे असे होते! कोणा अज्ञात कामगाराच्या हातून कागदाची पट्टी थोडी आखूड पडली होती, एवढेच.

मग मी या विषयात जरा खोल उतरलो. वलंदेज आणि चिनी या दोन लोकांची गाठ कशी पडली, हे वाचू लागलो. 'वलंदेज' हा आपला जुना शब्द मी मुद्दाम वापरतो. पोर्तुगिजांनी डचांना दिलेल्या नावावरून तो मराठीत आला आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या यादीत तो इतर नावांच्या पंक्तीला बसला आहे. या लोकांनी 1637 साली वेंगुर्ल्याला वखार घातली. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. तिथे बसून ते गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवीत. कारण चीनच्या मालाचे भांडण त्यांचे मूळ पोर्तुगिजांशीच होते. 1603 साली याकोब व्हान हेम्सकर्क या डच कप्तानाने सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. मकावहून निघालेल्या त्या जहाजात रेशमाबरोबर सुमारे एक लाख नग चिनी भांडी होती. पुढल्या वर्षी अॅमस्टरडॅममध्ये त्या मालाचा लिलाव झाला, तेव्हा युरोपातल्या मोठमोठ्या घरांतून गिऱ्हाइके धावली. ही लूट न्याय्य कशी, हे सिद्ध करण्यासाठी ह्यूगो ग्रोटियस या तरुण वकिलाने जो ग्रंथ लिहिला, त्यातूनच 1609 साली समुद्र सर्वांना मोकळा असावा असे सांगणारे त्याचे प्रसिद्ध प्रकरण निघाले. एका उदात्त तत्त्वाच्या पायाशी पकडलेल्या बश्यांची एक रास होती, हे वाचून मला गंमत वाटली.

परंतु व्यापाऱ्यांपेक्षा माझे मन कारागिरांत अधिक रमले. चीनमधल्या चिंगदेचेन या गावातल्या भट्ट्यांत हा निळा-पांढरा माल तयार होई. त्यातला निळा रंगही मूळचा चिनी नव्हे. चौदाव्या शतकात त्यासाठी लागणारे कोबाल्ट इराणातून येत असे. सतराव्या शतकाच्या मध्याला चीनमध्ये मिंग घराणे कोसळले, भट्ट्या थंडावल्या आणि हॉलंडात माल येईना. तेव्हा डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी संधी साधली. गावातले दारू गाळण्याचे जुने धंदे त्या सुमारास बसत चालले होते. त्यांच्या रिकाम्या इमारतींत भट्ट्या पेटल्या. चिनी माती कशी असते, हे गुपित युरोपाला 1708 च्या सुमारास जर्मनीतल्या ड्रेस्डेनला उलगडले. तोवर डेल्फ्टच्या कुंभाराने आपल्या साध्या पिवळसर मातीवर कथिलाचा पांढरा लेप चढवला आणि त्यावर निळी चिनी माणसे काढली. चित्र उतरवण्यासाठी तो कागदाला सुईने टोचे पाडून त्यावरून कोळशाची पूड फिरवी. भरतकामाचा नमुना टोचलेल्या कागदावरून रॉकेल आणि निळीच्या बोळ्याने कापडावर उतरवणारी माझी आई मला हे वाचताना आठवली.

चिनी माणूस मात्र या कुंभाराने बहुधा जन्मात पाहिलेला नसे. त्याच्या हातून चुका होत. तिकडे चिनी कारागिराचीही तीच गत. डच व्यापारी आपल्याकडल्या भांड्यांचे लाकडी नमुने करून पाठवीत आणि तशी भांडी मागवीत. सतराव्या शतकातल्या काही चिनी भांड्यांवर ट्यूलिपचे फूल दिसते. ते फूल काढणाऱ्याने कधी ट्यूलिपचा मळा पाहिला नव्हता. एकाने दुसऱ्याच्या देशातले फूल काढले, दुसऱ्याने पहिल्याच्या देशातले माणूस काढले, आणि दोघांनीही ते चुकीचे पण मन लावून काढले. डेल्फ्टमध्येच राहणाऱ्या व्हर्मीर या थोर चित्रकाराने खिडकीशी पत्र वाचणारी एक मुलगी रंगवली आहे. तिच्यापुढल्या गालिच्यावर एक निळे-पांढरे चिनी पात्र कलते पडलेले आहे आणि त्यातली फळे बाहेर घरंगळली आहेत. परदेशातली वस्तू किती सहज घरातली होऊन गेली होती, हे त्या कलत्या पात्रावरून कळते. 1655 ते 1657 या काळात योहान न्यूहोफ हा डच कंपनीच्या वकिलातीबरोबर पेकिंगपर्यंत गेला आणि वाटेत दिसेल ते कागदावर उतरवत राहिला. 1665 साली छापलेल्या त्याच्या पुस्तकातली चित्रे पाहून युरोपातल्या पुढल्या कित्येक चित्रकारांनी आपापला चीन रंगवला.

आपल्या दख्खनलाही या देवघेवीचा वारा लागला होता. हार्लेमचा कॉर्नेलिस हेडा हा डच चित्रकार विजापूरला इब्राहीम आदिलशहाच्या पदरी राहिला आणि तिथेच वारला. पुढे रेम्ब्रांटने अॅमस्टरडॅममध्ये बसून मोगल चित्रांच्या नकला केल्या. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. 1687 साली गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान तानाशहा याला औरंगजेबाने तिथे कैदेत ठेवले. त्या वास्तूला 'चिनी' हे नाव तिच्या भिंतींवरच्या चकचकीत निळ्या फरश्यांवरून पडले. म्हणजे चकाकणाऱ्या मातीला 'चिनी' म्हणण्याची सवय आपल्याला फार जुनी. ती माती कोणत्या मुलुखातली, याची चौकशी आपण करीत नाही. कालिदासाच्या शाकुंतलातले 'चीनांशुक' आपण संस्कृतच्या तासाला पाठ करतो, आणि रोज उठून 'चहा' म्हणतो तोही चिनी शब्दच. डचांनी हा पदार्थ फूकियेनच्या व्यापाऱ्यांकडून घेतला आणि तिकडचा 'ते' हा उच्चार युरोपभर नेला. आपल्याकडे 'चा'च राहिला. आबांच्या बशीत आई जे ओतीत असे त्याचे नाव आणि ज्यात ओतीत असे त्याचे नाव, दोन्ही चीनची होती.

इथवर आल्यावर मला वाटू लागले की माझ्या निबंधाला एक सुंदर शेवट सापडला आहे. व्यापाऱ्यांनी लुटालूट केली असेल, पण कलावंतांनी दोन जगे जोडली, असे काही तरी मी लिहिणार होतो. तेवढ्यात माझ्या वाचनात कॉर्नेलिस प्रोंक आला आणि तो शेवट नासला.

प्रोंक हा अॅमस्टरडॅमचा चित्रकार. 1734 साली डच कंपनीने त्याला पगार देऊन भांड्यांसाठी चित्रे काढायला नेमले. त्याने काढलेले एक चित्र फार गाजले: एक चिनी बाई पाण्यातल्या पाखरांकडे पाहते आहे, आणि दुसरी तिच्यावर छत्री धरून उभी आहे. ही चित्रे जहाजाने बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला जात, आणि तिथून चीन-जपानातल्या कारागिरांकडे. डच माणसाने कल्पनेने काढलेल्या चिनी बायका चिनी माणूस जसाच्या तसा उतरवून देई. याच मालिकेत 1740 चा ऑक्टोबर उजाडला. बटाव्हियातल्या डच सत्तेचा तिथल्या चिनी रहिवाशांवर संशय बळावला, आणि थोड्याच दिवसांत त्या शहरात हजारो चिनी माणसे कापून काढली गेली. छत्रीवाल्या बायकांची चित्रे ज्या बंदरातून पुढे जात होती तेच हे बंदर. ज्या कंपनीला बशीवरची चिनी स्त्री इतकी मोहक वाटत होती, तिलाच शेजारच्या गल्लीतला चिनी नकोसा झाला होता.

माझा एक समज या हकिकतीने कायमचा गेला. वस्तू आवडली म्हणजे ती घडवणारा किंवा वापरणारा माणूस आवडलाच, असे मी धरून चाललो होतो. तसे काही नसते. वस्तू घरात येते आणि माणूस बाहेर राहतो. गलबताच्या पोटात चहाच्या पेट्यांखाली भांडी रचीत, कारण ती जड असत आणि पाण्याने बिघडत नसत. कँटनहून निघालेले 'गेल्डरमाल्सन' हे असेच एक डच जहाज 1752 च्या जानेवारीत बुडाले. 1985 साली ते समुद्राच्या तळाशी सापडले आणि सुमारे दीड लाख नग भांडी वर आली; चहा गेला, माणसे गेली, बश्या तशाच चकचकीत राहिल्या. 1986 साली त्यांचा अॅमस्टरडॅममध्ये लिलाव झाला. बश्यांचे आयुष्य असे चिवट असते. आमच्या वाड्यातल्या बशीनेही आजोबा पाहिले, आजी पाहिली, आई पाहिली, आबा पाहिले आणि ती उरली.

या व्यापारातून काय काय वाहून गेले, याचा हिशेब आपल्याकडे एका राजाने केला होता. 1677 साली कर्नाटकाच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला. पूर्वीच्या अमदानीत त्या मुलुखातून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेण्याची डचांना मोकळीक होती. ती आपल्या राज्यात चालणार नाही, अशी बंदी त्या कौलात आहे. माल न्या, पण माणूस नेऊ नका, असा तो भेद होता. हे वाचून माझी छाती फुगली खरी. पण लगेच मला आमचा कोनाडा आठवला. आम्ही माणसाला जहाजात घातले नाही. पायरीखाली उभे केले.

आपल्या काळात नी हायफेंग या चिनी चित्रकाराने या सगळ्या इतिहासाकडे पाहिले आहे. तो पुष्कळ वर्षे अॅमस्टरडॅममध्ये राहिला. एका चित्रमालिकेत त्याने निर्यातीच्या भांड्यांवरची नक्षी आणि मजकूर स्वतःच्या उघड्या अंगावर रंगवून घेतला आणि त्याची छायाचित्रे काढली. पुढे 2005 साली डेल्फ्टच्या रहिवाशांकडून त्याने त्यांच्या रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू मागून घेतल्या, चिंगदेचेनच्या कारागिरांकडून त्या निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनमध्ये घडवून घेतल्या आणि जहाजाने परत डेल्फ्टला आणल्या. त्या अंगावर रंगवलेल्या चित्रांपुढे मी बराच वेळ थांबलो. बशी आणि माणूस यांत जे अंतर आपण सोयीने ठेवतो, ते त्याने स्वतःच्या कातडीवर पुसून टाकले होते. नक्षी पाहायची तर माणूस पाहावाच लागत होता.

पुढल्या आठवड्यात मी बशी घेऊन पालीला गेलो. आबांच्या मुलाने आता दोन खोल्यांचे पक्के घर बांधले आहे. मी त्याला सारी हकीकत सांगितली: हॉलंड, स्फिंक्सचा शिक्का, चिकटवलेली पट्टी. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे चीनची नव्हंच ही?"

"नाही."

"तुम्ही तिला चिनी बशी म्हणायचे. आबा नव्हते म्हणत," तो म्हणाला. "आबा घरी यायचे तर 'वाड्यावरली बशी' म्हणायचे."

मी गप्प झालो. आम्ही इतकी वर्षे जिला आबांची बशी समजून हात लावीत नव्हतो, ती आबांच्या लेखी आमची होती. ज्या वस्तूला दोन्ही घरांनी आपले म्हटले नाही, तिच्या जन्मस्थानाचा मी मोठ्या हौसेने शोध घेतला होता. मग मी त्याला त्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. ती त्याला ठाऊक होती. "आबानं सांगितली होती," तो म्हणाला. "तुम्हाला ताप आला नाही ना, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी आईसायबाला विचारलं होतं म्हणे." हे मला कोणी सांगितले नव्हते. मी म्हणालो, "चूक माझी होती, तेव्हा मी बोललो नाही." तो काही बोलला नाही, 'जाऊ द्या' असेही म्हणाला नाही, आणि ते त्याने म्हटले नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

चहा झाला. घरात त्याच वेळी आणखी पाहुणे आले होते आणि बश्या एकीने कमी पडल्या. त्याच्या बायकोने सहज मी आणलेली बशी विसळली आणि माझ्या कपाखाली ठेवली. यात तिचा काही हेतू होता असे मला वाटत नाही. तिला बशी हवी होती आणि बशी समोर होती. मी चहा बशीत ओतला. पूल बुडाला, तीन माणसे बुडाली, पाखरे तेवढी काठाशी दिसत राहिली. "प्या की दादा, गार व्हायला लागला," तो म्हणाला. मी प्यालो. यात मी काही विशेष केले, असा कोणाचा समज होऊ नये. एका भिजलेल्या पोराने जी गोष्ट जराही विचार न करता केली होती, तीच पुन्हा करायला मला म्हातारपणी मास्त्रिख्त, डेल्फ्ट आणि कँटन फिरून यावे लागले, एवढेच काय ते नवल. आणि एका बशीने एवढ्या वर्षांचा हिशेब फिटत नाही, हेही मला कळते.

निघताना बशी मी मागितली नाही, त्यानेही दिली नाही. दाराशी चपला घालताना सहज आत नजर गेली. धुतलेल्या बश्या मांडणीवर ओळीने उपड्या घातल्या होत्या, आणि ती निळ्या काठाची त्यांच्यामध्येच होती.